दोन पाट्या

कुलुपांच्या कारखान्याचं शटर चिमणीनेच वर केलं. आत मोठा मामा पालथा पडलेला. कवटी मागून फुटलेली, रक्त पार लेथखाली गेलेलं, शेजारी त्याच्या मोबाइलचा हातोड्याने केलेला भुगा.

चिमणी किंचाळली नाही. किंचाळायला गळा लागतो, तो केव्हाच सुकला होता.

इन्स्पेक्टरबाईंनी बेड्या घातल्या त्या चिमणीच्या बाबांना. हातोडा त्यांचा होता, आणि कालचं मेहुण्यांचं भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलेलं. कारखान्याची कंपनी करायची, पण नाव ठरेना. शेवटी अर्जात दोन्ही नावं गेली. आधी बाबांचं ‘अभेद्य’, मग मामाचं ‘राखण’. मंजूर होईल ते घ्यायचं. धाकटा मामा तर हसला होता, ‘राखण’ म्हणे कुत्र्याला शोभेल.

आज तोच हाताला रुमाल बांधून हमसून हमसून रडत होता. म्हणे सकाळपासून अंथरुणातच होता, हात चहाच्या कपाने कापला.

तेवढ्यात पेंटर दोन पाट्या घेऊन आला. नको असलेली परत न्यायचं त्याचं ठरलं होतं. कुठली नेऊ, त्याने विचारलं.

धाकट्या मामाने नाक पुसलं. “‘अभेद्य’ ने.”

चिमणीच्या डोक्यात खट्‌कन किल्ली फिरली. तिने बाईंच्या कानाला लागून कंपनी नोंदवून देणाऱ्या सल्लागाराला फोन लावायला लावला. तो म्हणाला, ‘अभेद्य’ आधीच कुणीतरी घेतलंय, ‘राखण’ मंजूर झालं. हे त्याने आज सकाळी फोनवर फक्त मोठ्या मामाला सांगितलं होतं.

“मामा, तुला कसं कळलं?”

“दादाची आठवण म्हणून ठेवली पाटी, शहाणे.”

“कुत्र्याचं नाव? बरं, रुमाल सोड. कपाची काच आहे की मोबाइलची, बघू.”

त्याने बाकावरची कानस उचलली आणि थेट तिच्या गळ्यावर झेप घेतली. बाबा मध्ये पडले. कानस बेडीवर खण्‌कन आपटली. बाईंनी त्याला भिंतीवर आदळलं, दात पडला, रुमाल सुटला. तळव्यात मोबाइलच्या काळ्या काचेचा तुकडा रुतलेला.

“तू सकाळी इथेच होतास,” चिमणी म्हणाली. “नाव ऐकलंस. मग आणखी काय ऐकलंस?”

“संचालक दोनच,” तो रक्त थुंकत म्हणाला. “दादा आणि दाजी. मी विचारलं, तर म्हणतो, आधी वेळेवर उठायला शीक. आणि पाठ फिरवून कामाला लागला. मी काय या घरचं कुलूप होतो, नुसतं दाराला टांगायला?”

बाबांच्या बेड्या निघाल्या. त्यांनी त्या हातात तोलून पाहिल्या. “मजबूत आहेत,” ते म्हणाले. “पण तुझ्या मामाने याहून भारी केल्या असत्या.”

तेव्हा कुठे चिमणीला गळा फुटला.