डोंगराला झोप लागू नये म्हणून

किती?
— नखभर.

सुरुबंदरात माणसं भेटली की "जेवलात का?" विचारत नसत. "किती?" विचारत. काल डोंगर किती सरकला? उत्तर बंदरातल्या चौकात मोठ्या फलकावर लावलेलं असायचं. पण शेजाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. नखभर? बरं. मग मासळी आणायला हरकत नाही.

हे उत्तर यायचं डोंगराच्या पोटातून. तिथल्या बोगद्यात सुरंगी गावडेची प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेच्या भिंतीत एक तिरकी चीर. चिरेच्या वरचा खडक समुद्राकडे निघालेला, खालचा जागच्या जागी. सुरंगीने चिरेचं नाव ठेवलं होतं सरकतळ. त्यावर बसवलेल्या सरकमापकाची सुई ती रोज सकाळी चुलीवरच्या दुधासारखी बघायची.

त्या सकाळी नवे आयुक्त राजाध्यक्ष शिरस्त्राण सावरत आत आले.

"थोडक्यात सांगा," ते म्हणाले. "डोंगर थांबवत का नाही?"

ज्येष्ठ भूवैज्ञानिक मुकादम सरांनी चष्मा पुसला. "साहेब, तांदळाचा डबा भरताना काय करतात?"

"घरात मी भरत नाही."

"आपटतात. ठक, ठक, ठक. तांदूळ दबून बसतो. या चिरेत दगडाचा भुगा आहे. तो स्वस्थ राहिला की कणात कण रुततो आणि डोंगर थांबतो."

"मग छानच की!"

"थांबतो, पण मागे पाणी तुंबत राहतं, रेटा वाढत राहतो. रोज नखभर सरकून जे खर्च व्हायचं ते साठतं. मग एकदाच सुटतं. थेट बंदरापर्यंत."

"मग यंत्रांनी हलवत ठेवा."

"ठेवलं होतं," सुरंगी म्हणाली. "यंत्र एकसारखं आपटतं, डब्यासारखं. भुगा आणखीच बसला."

"बेताल यंत्र करा."

"तेही केलं. थोड्या दिवसांत त्यात ताल सापडतो. आम्हाला नाही, डोंगराला." तिने वर बोट केलं. वर माथेवाडी होती, सरकणाऱ्या खडकावर वसलेली. "तिथे कोणी जिना उतरतं, कोणी वाटण वाटतं, पोरं भिंतीवर चेंडू आपटतात, मध्येच दोन जावा भांडतात. याला आम्ही वस्तीकंप म्हणतो. तिथे माणसं नांदतात म्हणून डोंगर जागा आहे."

यातून शहराने जो उपाय काढला, त्याला कायद्यात 'वसतीबंधन' म्हणत. माथेवाडीकराने वाडी सोडायची नाही. लग्नाला जायचं असेल तर बदली माणूस आणून ठेवायचा. मुलगी सासरी गेली की सासरचा एक जण वर राहायला यायचा; त्यामुळे माथेवाडीच्या मुलींना स्थळं येईनाशी झाली होती. पुलावर पोलीस चौकी. बंदर हलवण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

किती?
— नखभरच. सारखं काय विचारता, बाबा?

"विचारतंय कारण माका दुसरा काम नाय," बाबल गावडे म्हणाले. ते वाडीचे मानकरी. सात वर्षांपूर्वी मुलीने शोध लावला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. पुढच्या महिन्यात कायदा आला. "पुलापलीकडचो वारो अंगाक लागलो नाय, गो. यंदा गावपळण हा. तुझो आयुक्त नाय म्हणलो, तर देवाक कोण सांगतलो?"

गावपळण म्हणजे देवाच्या आज्ञेने अख्खं गाव रिकामं करायचं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. वसतीबंधनाने ती बंद पडली होती.

सुरंगीने हरकत घेतली. पण नव्या आयुक्तांना लोकांची मनं जिंकायची होती.

ते म्हणाले, "तीन दिवसांनी काय होतंय?"

किती?
— काहीच नाही.

खाडीपलीकडच्या माळावर माथेवाडी झावळ्यांच्या मांडवांत पसरली होती. माणसं दिवसाढवळ्या घोरत होती. बाबल पाण्यात पाय सोडून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हसत होते.

खाली बंदरात फटाके वाजत होते. फलकावर शून्य! देवाने डोंगर थांबवला!

सुरंगी आयुक्तांच्या कचेरीत उभी होती. "बंदर रिकामं करा. आजच."

"डोंगर थांबला म्हणून?" राजाध्यक्ष मनापासून हसले. "मी हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

ती माळावर परतली. मुकादम सर तिची वाटच बघत होते.

"उद्या हे सगळे एकदम वर चढले तर?" तिने विचारलं.

"रुतलेल्या भुग्यावर हजारो पावलं? तोच धक्का पुरेल."

"आणि कोणीच गेलं नाही तर?"

"तर आपण वाचलो. बंदर गेलं."

बाबल ऐकत होते. पाय पाण्यातच होते. बराच वेळ त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

"चढूचा कसा, ता सांग," ते शेवटी म्हणाले.

"हळूहळू. हलक्यापासून जडापर्यंत. आणि एका तालात मुळीच नाही."

त्यांनी देवाला कौल लावला. देवाने काय सांगितलं ते फक्त मानकऱ्याला कळतं. ते उठून म्हणाले, "देव म्हणता, आधी जनावरां जाऊंदेत."

म्हणून आधी कोंबड्या सोडल्या. मग शेळ्या. मग कुत्री, त्यांच्यामागे आरडत पोरं. मग म्हाताऱ्या, दर वळणावर बसत, गुडघ्यांना शिव्या देत. तरणी माणसं आणि गुरं सर्वांत शेवटी.

सुरंगी आणि मुकादम सर बोगद्यात सुईसमोर. सुई मेलेली. वर कुठेतरी कोणीतरी धपकन पडलं, कोणीतरी हसलं. सुई थरथरली. थांबली.

चल. चल ना रे.

किती?
— नखभर!

मुकादम सरांनी तिला लहान मुलीसारखं उचललं. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

फलकावरचं शून्य गेलं तशी बंदरातली माणसं मात्र घाबरली. दुसऱ्या दिवशी राजाध्यक्ष पोलीस घेऊन वर आले. हातात सुरंगीचाच आलेख होता.

"हे तुमचंच ना? माणसं होती, डोंगर सरकत होता. माणसं गेली, थांबला. माणसं परतली, पुन्हा सरकला. शेंबडं पोर सांगेल, डोंगर कोण हलवतंय ते!"

"साहेब, तो थांबला म्हणजे—"

"सात वर्षं तुम्ही या लोकांना उगाच डांबलंत. वसतीबंधन रद्द. पलीकडे घरं देतोय. संध्याकाळपर्यंत माथेवाडी रिकामी."

पुलावर ट्रक उभे राहिले. चौकीतला पोलीस आता प्रत्येकाला हाताने पलीकडची वाट दाखवत होता.

सुरंगी घरी आली. बाबल ओटीवर होते. समोर पूल, पलीकडे माळ. मांडवांच्या झावळ्या अजून तिथेच होत्या.

"जा, बाबा," ती म्हणाली. "आता कायदा तुमच्या बाजूने आहे."

"खालच्यांका समजला काय?"

"नाही. फलकावर शून्य आलं की पुन्हा फटाके लावतील."

बाबल उठले. गल्लीच्या टोकाला पोलिसांचा भोंगा सुरू झाला होता. त्यांनी कोंबड्यांना हाक मारली. त्या आपणहून खुराड्यात शिरल्या. मग त्यांनी लेकीला आत घेतलं, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"सात वर्सां बाहेरसून लावलेली," ते म्हणाले, "तेव्हा जड वाटत होती."

त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात हाणलं. एकदा. मग थांबून दोनदा. शेजारच्या घरातून कोणीतरी भिंतीवर चेंडू आपटला. पलीकडे दोन जावा मोठ्याने भांडायला लागल्या.

बाहेरून दारावर थाप पडली. एकसारखी. ठक, ठक, ठक.