एक्केचाळीस मिनिटं उशिरा

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि मी त्याच खोलीत होते.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. आमच्या घरातली मागची खोली.

बारक्या तिथे बसून एका हॉस्पिटलच्या वेबसाइटची चाचणी करायचा. त्याचा प्रोग्राम स्क्रीनवरची पेशंटची घंटा आपोआप दाबायचा आणि 'नर्स येत आहे' असं उमटेपर्यंत थांबायचा. कशासाठी थांबायचं, ती अट बारक्या लिहायचा.

कधी कधी ते उमटायचंच नाही. वर साहेबांची घाई. बारक्याने अट बदलून टाकली. घंटा लाल झाली की पुरे.

चाचणी पास.

मग खऱ्या वॉर्डात एका बाईंनी घंटा दाबली. ती लाल झाली. नर्सला पत्ताच नाही. एक्केचाळीस मिनिटांनी बाई गेल्या.

"म्हातारी होती गं ताई. आज ना उद्या जायचीच," हा म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या मंगळवारी साहेबांनी अट नीट करायला लावली. त्याने केली. प्रोग्राम सुरू केला.

घंटा वाजली...

वीस सेकंदांत थांबायला हवी होती. दहा मिनिटं झाली. बारक्याने वैतागून लॅपटॉपच बंद केला. स्क्रीन काळी पडली.

घंटा वाजतच राहिली...

तीन एक्केचाळीसला थांबली. बारक्या माझ्याकडे वळला. ओठ हलले.

आवाज नाही.

"चेष्टा पुरे," मी म्हटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठून आईकडे धावला.

चार बावीसला, रिकाम्या खुर्चीतून...

"ताई, पाणी दे गं."

तेव्हापासून त्याचं सगळं बोलणं तेवढंच उशिरा पोहोचायचं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. आम्ही चिठ्ठ्यांवर आलो. त्याने हात जोडून बाईंची माफीही मागितली. ती पोहोचली की नाही, देव जाणे.

जूनमध्ये त्याला दम्याचा झटका आला. मी पाहिलं तेव्हा तो खुर्चीत शांत होता. डॉक्टर आले, मान हलवून गेले. शेजारी जमले. आईने हंबरडा फोडला.

आणि मग, खुर्चीतून...

"ताई, पंप दे."

"ताई."

"ताई, येतेस ना?"

नऊ हाका. सगळ्यांनी ऐकल्या.

मी भिंतीपलीकडेच कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. दार उघडं होतं.