वादीची गाठ

दिवा जरा इकडे सरकवा. मला आता डाव्याच डोळ्याने दिसतं. बसा. घाई नसेल तर सांगतो.

त्या दिवशी मी घरातून निघालो तो नुसता डोळा दाखवायला. उजव्या डोळ्यापुढे चार दिवस काळे कण तरंगत होते, मग एका कडेने सावली चढायला लागली. पुतणीने गाडी बोलावली आणि म्हणाली, "चला काका. नुसतं तपासायचंय."

ते शब्द ऐकले आणि माझा पाय उंबऱ्यातच थांबला. का थांबला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी चाळीस वर्षं जोडे शिवले. भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांची मुलगी माझ्याजवळ वाढली. ती जनावरांची डॉक्टर झाली, आणि पुढे जखमी शिकारी पक्ष्यांच्या दवाखान्यात लागली. घारी, घुबडं, ससाणे. कुणाचा पंख मोडलेला, कुणाला तारेचा झटका बसलेला. माझं दुकान बंद पडलं तेव्हा ती मला तिकडेच घेऊन गेली. म्हणाली, तुमच्या हाताजोगं काम आहे.

काम चामड्याचंच होतं. जाड हातमोजे शिवायचे, पक्ष्यांच्या पायात बांधायच्या वाद्या, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्ट्या, कापायच्या, आणि टोप्या करायच्या. शिकारी पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची छोटी टोपी घालतात. डोळे झाकले की तो शांत होतो. झोपत नाही, नुसता वाट बघत बसतो. टोपी मागून वादीने आवळायची. एका हातावर पक्षी असतो, म्हणून वादीचं एक टोक दुसऱ्या हातात धरायचं आणि दुसरं दातात. माझा पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे माझी गाठ तिरकी बसायची आणि दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. पुतणी चिडवायची की काकांची गाठ म्हणजे कुलूप, आणि किल्ली त्यांच्या बोळक्यात.

तिथे एक नियम होता. पक्ष्यांशी बोलायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली तर रानात गेल्यावर ते माणसाकडेच जातात आणि जिवाला मुकतात. पण टोपी घातलेल्या पक्ष्याजवळ न सांगता गेलं तर तो दचकतो. म्हणून आधी शिट्टी वाजवायची. माझी शिट्टी ठरलेली होती, एक लांब, एक आखूड. म्हणजे, मी आहे, भिऊ नकोस.

एक ससाण्याची मादी आली होती. विजेच्या तारेने उजवा पंख भाजलेला. ससाण्याच्या चोचीला खालच्या कडेला, दोन्ही बाजूंनी, दातासारखं एक टोक असतं. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर दचकलो, आणि तिने माझा अंगठा धरला. ही खूण बघा, दोन टोचे, शेजारी शेजारी. पण पंधरा दिवसांत ती माझी शिट्टी ओळखायला लागली. टोपीच्या अंधारात शिट्टी ऐकली की स्वतःहून पाय उचलायची आणि माझ्या मोज्यावर चढायची. मग अंग झाडायची, ओला टॉवेल झटकावा तसा आवाज यायचा. पक्षी निर्धास्त असला की अंग झाडतो. मी तिच्यासाठी मऊ चामड्याची वेगळी टोपी केली. पुतणी म्हणाली, माझ्या लग्नात तुम्ही शिवलेले जोडे मात्र मला चावले होते.

महिन्याभरात उडेल, असं पुतणीनेच सांगितलं होतं. मी मनात जागासुद्धा ठरवून ठेवली होती, मागच्या माळावरची.

मग एका सकाळी ती म्हणाली, "काका, शिट्टी वाजवा. नुसतं तपासायचंय."

मी वाजवली. ती मोज्यावर आली, अंग झाडलं. मी तिला छातीशी धरलं. पुतणीने सुई टोचली. माझ्या मनगटावर नख्या एकदम आवळल्या, आणि मग एकेक करून सुटत गेल्या.

"गुंगीचंच औषध ना, पोरी?" मी विचारलं.

तिने सुई ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "पंख आतून सडला होता, काका. मला आठ दिवस माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिट्टी वाजवली नसती."

नसतीच वाजवली. पंख सडला होता हे मला नंतर पटलंही. पण त्या पाखराला माझ्या शिट्टीवर बोलावलं होतं, आणि ती शिट्टी माझ्याकडून खोटी वाजवून घेतली होती. मी तिथूनच निघून आलो. जाताना एवढंच सांगितलं, पुरायच्या आधी टोपी काढ. उजेडात जाऊ दे तिला. संध्याकाळी पुतणी म्हणाली, काढली.

आता डोळ्यांच्या दवाखान्याकडे येतो. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस मान हलवायची नाही, असं सांगितलं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसचालक होता. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण माणूस गमत्या. मला उस्ताद म्हणायचा.

पहिल्या दुपारी जेवणाची भांडी गेल्यावर वॉर्ड शांत झाला, तेव्हा शिट्टी ऐकू आली. लांबून, कॉरिडॉरच्या पार टोकाकडून. एक लांब, एक आखूड.

मी चालकाला विचारलं, शिट्टी कोण वाजवतंय. तो म्हणाला, "उस्ताद, इथे शिंकायची बंदी आहे, शिट्टी कोण वाजवेल?"

तासाभराने ती पुन्हा आली. या वेळी वॉर्डाच्या दारातून. औषधांच्या वासात दुसरा एक वास मिसळला... कोरड्या पिसांचा आणि कच्च्या मांसाचा. मी हललो नाही. हलायचं नव्हतंच. टोपी घातलेला पक्षी काय करतो, ते मला तेव्हा कळलं. काहीच करत नाही. ऐकतो.

दुसऱ्या दुपारी पुतणी आली. स्टूल ओढून बसली, माझ्या पायावर हात ठेवला, घरचं काहीबाही सांगत राहिली. तिच्या बोलण्याच्या मधेच माझ्या उशाशी शिट्टी वाजली. तिला ऐकू गेली नाही. तिचं वाक्यही अडखळलं नाही.

मग खाटेच्या लोखंडी दांडीवर टक् झालं... आणि पुन्हा टक्.

मी हळू विचारलं, "पोरी, तू टोपी काढली होतीस ना?"

तिचा हात माझ्या पायावरून निघाला.

"खरं सांग..."

"सुटली नाही, काका," ती म्हणाली. "गाठ सुटली नाही मला. तशीच पुरली."

म्हणजे ते पाखरू अजून वाट बघत होतं. मातीखाली, अंधारात, कुणी शिट्टी वाजवेल म्हणून. मी रागावलो नाही. माझ्या अंगात रागावण्याइतकंही काही उरलं नव्हतं. मी डावा हात कोपरात वाकवून पुढे धरला, वर्षानुवर्षांच्या सवयीने. हात जड झाला. किती जड, ते मला ग्रॅमपर्यंत माहीत होतं. मग कानाजवळ ओला टॉवेल झटकल्यासारखा आवाज झाला.

पुतणी विचारत होती, काका, हात का असा धरलाय.

तिसऱ्या सकाळी सिस्टर पट्ट्या काढायला आली आणि थबकली. म्हणाली, "आजोबा, हे कुणी बांधलं? आम्ही तर नुसती चिकटपट्टी लावतो."

माझ्या डोक्यामागे चामड्याची वादी बांधलेली होती. मातीने भरलेली. तिला गाठ सुटेना. शेवटी तिने कात्रीने वादी दुसऱ्या बाजूने कापली. डाव्या डोळ्यात उजेड आला. उजव्यात आला नाही.

वादी मी मागून घेतली. चामडं मीच कापलेलं होतं, गाठही माझ्यासारखीच तिरकी. पण माझ्या दातांची खूण मला माहीत आहे, मधे फट असलेली सरळ रेघ. या वादीच्या टोकावर तशी रेघ नव्हती. दोन टोचे होते, शेजारी शेजारी. हा माझा अंगठा पुन्हा बघा.

पुतणीने विचारलं, वादीचं काय केलंत. मी म्हटलं, टाकून दिली. तिने विश्वास ठेवला. वादी या डबीत होती, सुपाऱ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डबीत.

आज पुतणी येऊन गेली. जाताना डोळे चोळत होती. म्हणाली, दोन दिवस डोळ्यापुढे काळे कण दिसतायत, उद्या दवाखान्यात जाऊन येते. काळजी करू नका काका, नुसतं तपासायचंय.

ती गेल्यावर मी डबी उघडली. तळाशी थोडी माती आहे, वादी नाही.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. लहानपणी अंधारात ती माझं बोट धरून झोपायची. सांगितलं तर ती दचकेल, आणि ससाण्यासमोर दचकलं की काय होतं, ते मी पाहिलंय. म्हणून सकाळी तिच्याबरोबर जायचं, तिच्या डोळ्यांवर पट्ट्या चढल्या की उशाशी बसायचं आणि जवळ जायच्या आधी शिट्टी वाजवायची, एवढं मी ठरवलंय.

फक्त ती शिट्टी माझीच आहे, हे तिला कसं कळणार, ते मला अजून सुचलेलं नाही.