दिवसा न दिसणारी आग

सन २०५२. कोकण किनाऱ्यावरच्या त्या प्रकल्पात उन्हाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचे, उणे दोनशे त्रेपन्न अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करायचे आणि जहाजांच्या टाक्या भरायचे. सगळी कामं यंत्रं करायची. एक सोडून.

"खरात, हा झाडू घे," सुरक्षाप्रमुख डॉ. उर्मिला देवस्थळी म्हणाल्या.

सिद्धोधन खरात, अतिशीत तंत्रज्ञ, परीक्षेत राज्यात तिसरा. नोकरीचा दुसरा दिवस.

"कशाला, मॅडम?"

"गळती पेटली तर कळायला. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, म्हणून ज्योतीत काजळी नाही, पिवळा उजेड नाही. भर उन्हात ती दिसतच नाही. धगही लांबवर लागत नाही. माणूस सरळ आत चालत जातो."

"अतिनील कॅमेरे आहेत ना?"

"पाईपांच्या आडचं त्यांना दिसत नाही. भोंगा वाजला, की झाडू पुढे धरून चालायचं. टोक पेटलं, की थांबायचं. रॉकेटवालेसुद्धा हेच करत आलेत."

"मग पाळ्या लावा. आठ जण आहोत आपण."

मागे उभा असलेला तंत्रज्ञ लिमये हसला. "तुझ्या हाताला सवय असेल की रे."

देवस्थळींनी ऐकलं. त्या फाईल चाळत राहिल्या.

"माझ्या आईनं सत्तावीस वर्षं गावाचे रस्ते झाडले," खरात म्हणाला. "शाळेत घातलं तेव्हा एकच कबूल करून घेतलं. झाडू मी धरणार नाही. बाकी काय सांगाल ते करतो."

"नियमावलीत झाडूच लिहिलाय. मी काय करू?"

पाळ्या लागल्या नाहीत. फळ्यावर रोज एकच नाव.

अकराव्या दिवशी दुपारी दीडला भोंगा वाजला. सात जणांनी फळ्याकडे पाहिलं, मग खरातकडे. तो गेला. झाडू भिंतीलाच राहिला. आंधळा चालतो तसा उजवा हात पुढे धरून तो पाईपांच्या मधून चालला होता. पडद्यावर सगळ्यांना दिसलं: लख्ख ऊन, एक माणूस, आणि काही कारण नसताना काळी पडत जाणारी त्याची बाही. आग कुठेच नव्हती.

भाजल्याच्या तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला. चौकशी समितीने लिहिलं, 'झाडू न वापरल्यामुळे मृत्यू'. म्हणजे चूक मेलेल्याची.

त्याची सामानाची पेटी न्यायला आई आली. अनुसयाबाई. देवस्थळींनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिला सगळं समजावून सांगितलं. न दिसणारी ज्योत, कॅमेरे, नियम. बाई नीट ऐकत होती.

"झाडूच का लागतो, मॅडम?"

"त्याचं टोक लगेच पेटतं."

"आन् बांबूला चिंधी बांधली तर?"

देवस्थळींनी नियमावली पुढे ओढली. बत्तीस वर्षं त्यांनी ज्वलनशास्त्र शिकवलं होतं.

"सांगा ना," बाई म्हणाली. "चिंधी पेटत नाही का?"

"पेटते."