तिसऱ्या रांगेतले चेहरे

सगळं स्टेडियम रिंगकडे बघत होतं आणि ती एकटीच रिंगकडे पाठ करून उभी होती.

तिचं कामच ते होतं. दर रविवारी दुपारी टीव्हीवर थेट दाखवल्या जाणाऱ्या कुस्तीच्या कार्यक्रमात बाकीचे कॅमेरे पैलवानांवर असायचे, हिचा कॅमेरा प्रेक्षकांवर. कानातल्या इअरफोनमधून दिग्दर्शक सारखा बजावायचा, मला चेहरे हवेत, चेहरे दे. मागे कोण पडलं, कोण उठलं, हे तिला समोरच्या चेहऱ्यांवरूनच कळायचं.

त्या दिवशी मागे डोंगर होता. पन्नाशीला टेकलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेला पैलवान. पण तो आत आला की म्हातारेकोतारेसुद्धा खुर्ची सोडून उभे राहायचे. तो दोरांवर चढला असावा, कारण अख्ख्या गर्दीचा श्वास एकदम अडकला. तिने कॅमेरा तिसऱ्या रांगेवर फिरवला आणि तिथेच थबकली.

साठीची एक बाई दोन्ही हात डोक्यावर ठेवून, आ वासून बघत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांत पाणी… जणू तिचा सख्खा भाऊच वरून उडी मारणार होता. इतका उघडा, इतका भरलेला चेहरा तिने आजवर टिपला नव्हता.

शेजारी एक तरुण बसला होता. तोही रिंगकडे बघत नव्हता. तो त्या बाईकडे बघत होता, गालातल्या गालात हसत. मग त्याने मान वळवली — आणि नजर थेट भिंगात.

तिचा फोकस हलला. कानात दिग्दर्शकाने तिचा उद्धार केला.

कार्यक्रम संपल्यावर तो बाहेरच्या बोळात भेटला. हातात आईची पर्स, शाल, पाण्याची बाटली. आई पैलवानांच्या दाराशी ठाण मांडून बसली होती.

“तुम्ही कुस्ती बघायला येता की आईला?” तिने विचारलं.

“आईला. घरी ती अशी नसते ना.”

मग त्याने सांगितलं, की आईने उभा जन्म मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. तिने नुसता चष्मा वर केला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. बाबा गेले आणि घर फार शांत झालं. एका रविवारी तिने सहज टीव्ही लावला, त्यात डोंगर मार खात होता… मार खाऊन उठत होता. तेव्हापासून ती शिट्टी मारायला शिकली. सगळं आधी ठरलेलं असतं, असं तो एकदा तिला म्हणाला होता. त्यावर ती म्हणाली होती, निकाल ठरलेला असतो रे, पडणं खरंच असतं.

तो स्वतः चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा.

“म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम,” ती म्हणाली.

“तुमचंही तेच की. फक्त मी आधी विचारतो.”

ती हसली खरी, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. तो आईकडे बघायचा, ती त्या दोघांकडे. मध्येच तो भुवई उंचावून विचारायचा, काय? ती कॅमेऱ्याआडून मान हलवायची, काही नाही… तिला वाटायचं, हे कोणालाच दिसत नाही.

मग एक दिवस कोणीतरी आईचा तो आ वासलेला चेहरा टीव्हीवरून उचलला, त्याला चित्रविचित्र आवाज जोडले आणि फोनवर सोडून दिला. बघता बघता तो सगळीकडे गेला. आईच्या जुन्या विद्यार्थिनींपर्यंत गेला. पुढच्या रविवारी तिसऱ्या रांगेत तो एकटाच होता. कठड्याशी येऊन त्याने हळू आवाजात सांगितलं, की आईने टीव्ही लावणंच बंद केलंय. आपलं हसं झालं म्हणते. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही.

“मी घरी येऊ का?” तिने विचारलं. “त्यांना विचारून सांगा.”

ती गेली तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. आईने चहा दिला, पण चेहरा वर्गातला, कडक. तिने आधी आईची माफी मागितली. मग दिग्दर्शकाच्या परवानगीने आणलेलं चित्रीकरण टीव्हीला जोडलं.

पडद्यावर चेहरे येऊ लागले, नुसते चेहरे. दाढीवाला ट्रक ड्रायव्हर, ओठ थरथरणारा. नवरा-बायको, एकमेकांची मनगटं आवळून धरलेले. गणवेशातली नर्स, कडेवरचं तान्हं पोर, काठीवर रेललेले आजोबा. सगळ्यांचं तोंड उघडं, सगळ्यांचे डोळे वर… आणि सगळे सुंदर.

“हे कशाकडे बघतायत?” आईने विचारलं.

“डोंगर उठतोय.”

आईने चष्मा पुसला. “मला वाटलं, मीच एक वेडी.”

मग तिचा स्वतःचा चेहरा आला. तो तिने नीट बघितला. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून म्हणाली, “एक शंका आहे. चेहरा माझा टिपायचा होता ना? मग दर वेळी मी कडेला, आणि हा मधोमध कसा?”

त्याचे कान लाल झाले. तिला चहाचा ठसका लागला. आई शांतपणे बिस्किटं आणायला आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

डोंगरच्या शेवटच्या कुस्तीला आई आली. तीच शाल, तीच शिट्टी. डोंगर हरला, एका तरण्याबांड पोराकडून. थेट प्रक्षेपण संपलं, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. तिने कॅमेरा खांद्यावरून उतरवला.

“आता तरी वळा,” तो कठड्यापलीकडून म्हणाला.

ती वळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. रिंग तिला वाटायची त्यापेक्षा लहान होती आणि माणूस कितीतरी मोठा. डोंगर मधोमध बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याने एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी नीट ठेवले, पुन्हा न घालण्यासाठी. हजारो माणसं, पण कोणी हलेना. अंगावर काटा येईल अशी शांतता. आपलंही तोंड उघडं आहे, हे तिला कळलंच नाही.

“मला तुम्ही आवडता,” तो तिच्या पाठीमागून म्हणाला. कुजबुजायला गेला होता तो, पण त्या शांततेत ते चार रांगांना ऐकू गेलं. माना वळल्या. ट्रक ड्रायव्हर, नर्स, काठीवाले आजोबा… सगळे श्वास रोखून तिच्याकडे बघू लागले. आई तर दोन्ही हात डोक्यावर ठेवून.

“मलाही,” ती म्हणाली. “म्हणजे… तुम्ही. मलाही तुम्ही आवडता.”

पहिली टाळी आजोबांनी वाजवली. मग चार रांगा उठल्या. पलीकडच्यांना काय झालं ते कळलंच नाही. ते डोंगरसाठी उठले. मग वरचे मजले, मग अख्खं स्टेडियम. टाळ्यांचा लोट रिंगवर जाऊन आदळला, तसा अनवाणी डोंगरने मान वर केली आणि तो सावकाश, गुडघ्यावर हात रेटत, उठून उभा राहिला.

ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, म्हणून त्याने तिचा हात धरला नाही. थोडा वेळ थांबला.