एंटरचं बटन

ओमेश रहांगडालेच्या दुकानात मेलेल्या मोबाइलची एक टोपली आहे. गोंदियाजवळच्या कुडव्यात मोबाइल दुरुस्तीची चार दुकानं, पण अशी टोपली फक्त त्याच्याकडे. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुर्पता सलामे ग्रामसभेचा बंद पडलेला फोन घेऊन तिथे आली. फोन काउंटरवर ठेवायच्या आतच तिचा हात टोपलीत गेला.

हातात आली ती चष्म्याच्या डबीएवढी काळी पेटी. तिने ती उघडली. झाकणात छोटा पडदा, खाली तांदळाच्या दाण्यांसारख्या बटनांचा अख्खा कीबोर्ड.

“मॅडम, ते डिक्शनरी आहे,” ओमेश म्हणाला. “चालत नाही. नागपूरच्या भंगारात आली.”

“डिक्शनरी नाही. कम्प्यूटर आहे. लिनक्स चालते यावर.”

“मोबाइलात सब कुछ होते आता. याचं काय करसान?”

दुर्पताने हात पुढे केला. लहानपणापासून दर उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्त्याचे पुडे बांधून तिच्या बोटांची पेरं लाकडासारखी टणक झाली होती.

“मोबाइलची काच यायले ओळखत नाही. चारदा दाबा, तवा एक अक्षर उमटते. बटनाचं तसं नाही. बोट कोणाचं आहे, याच्याशी त्याले काही घेणं नाही.”

देवरी तालुक्यातल्या तिच्या गावाने जंगलातल्या झाडांची यादी करायचं काम तिला दिलं होतं. झाड कोणतं, कुठे आहे, कोणत्या कामाचं. जंगलात रेंज नाही, आणि लॅपटॉप घेऊन डोंगर चढता येत नाही. गोंदियाच्या कॉलेजात तीन वर्षं कम्प्यूटर शिकून ती गावी परतली, तेव्हापासून लोक हसत होते… शिकली आणि जंगलातच गेली. ही पेटी ती दोन वर्षं फोटोत पाहत होती.

“चालू केला तर माझा,” ती म्हणाली.

“करून तर पाहा.”

पुढच्या सोमवारी ती मेमरी कार्डात लिनक्स भरून आली. ओमेशने फुगलेली बॅटरी काढून दुसरी बसवून ठेवली होती. पडदा उजळला. काळ्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या.

“पिक्चर नाही काही?”

“पाहाले जंगल आहे ना माह्यापाशी.”

ओमेश हसला, आणि मग एकदम कामात असल्यासारखा खाली बघू लागला. कीबोर्डावर उजवीकडे एक भोक होतं. एंटरचं बटन गेलं होतं.

“शोधतो,” तो म्हणाला. “पुढच्या सोमवारी या.”

पेटी घेऊन ती गेली आणि सोमवारी आली. बटन सापडलं नव्हतं. चहा आला. ओमेशने यादी वाचून दाखवायला सांगितली. तिने बीजा, धावडा, मोह असं वाचलं, आणि तो प्रत्येक नावाला विचारत राहिला, “हे कोणत्या कामाचं?” त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच.

“आज तरी सापडलं?”

“आज… नाही. चहा घेसान?”

त्याच्याही पुढच्या सोमवारी स्क्रू काढायचा पेचकस उचलायला तो वाकला आणि शर्टाच्या खिशातून एक काळा कण काउंटरवर पडला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हे कधीपासून खिशात आहे?”

“बॅटरी बसवली तवा… मीच काढलं.”

दुर्पताने पेटी उघडली, दोन शब्द लिहिले आणि दोन बटनं एकदम दाबली. ओळ खाली सरकली.

“कंट्रोल आणि एम,” ती म्हणाली. “एंटरचंच काम होते. घरी नेलं त्याच दिवशी पाहिलं मी.”

“मग देवरीहून एसटीनं… कायले येऊन राहिल्या होत्या?”

“तू काऊन लपवलंस?”

पहिल्यांदाच ‘तू’. ओमेशचे कान लाल झाले.

“मायले सांगतो मी,” तो म्हणाला. “लग्न करू. दुकानात तुहं टेबल टाकू.”

“नाही.”

“लग्नाले?”

“कुडव्याले. यादी अर्धीच झाली. पूर्ण झाली तरी जंगल तिथंच राहाणार. आमच्यात पोरगाही येते पोरीच्या घरी. तिच्या बापाच्या हाताखाली काम करते, मग लग्न. लमसेना म्हणतात त्याले. येतोस का?”

“मी पवार जातीचा पोरगा, दुर्पता. लोक हसतील.”

“मले कधीपासून हसून राहिले. मेली का मी?”

त्याने बटन पुढे केलं. तिने त्याची मूठ बंद केली.

“ठेव तुह्यापाशी. माहं काम अडत नाही. येशील तवा लाव.”

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही नाही.

मेमध्ये तेंदूपत्ता सुरू झाला, त्याच आठवड्यात ओमेशने दुकानाला कुलूप लावलं. त्याची आई जमुनाबाई दारात उभी राहिली. “पानं तोडाले जाशील? आपल्या खानदानात आजवर कोणी घरजावई झाला नाही.”

“मग मी पहिला,” ओमेश म्हणाला.

दुर्पताचे वडील उदाराम अंगणात काथ्या वळत बसले होते. कोणाकडं आलास म्हणून त्यांनी विचारलं, ओमेशने सांगितलं, दुर्पताकडं, लमसेना म्हणून. उदारामनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. “हे तं पापड लाटाचे हात हायेत.” आणि पहाटे त्याला उठवलं.

सत्तर पानांचा एक पुडा. ओमेशचा पहिला पुडा हातातच सुटला आणि तो बघायला शेजारच्या बाया अंगणात जमल्या. त्याने पानं गोळा केली, पुन्हा बांधला. तोही सुटला. तिसरा टिकला. दुर्पताने मदत केली नाही. फक्त त्याच्या बाजूला बसून बांधत राहिली, नेहमीपेक्षा थोडी सावकाश.

तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला. जमुनाबाई. ओमेशने अंगठा फिरवला. काच ढिम्म. शर्टाला पुसून पुन्हा फिरवला, मग तर्जनी. काहीच नाही. सगळं आयुष्य फोन उघडण्यात गेलेला माणूस आपल्या बोटांकडे बघत राहिला.

“माह्याकडं नको पाहू,” दुर्पता म्हणाली. “नाकानं उचल.”

त्याने नाकाने उचलला. उदाराम तोंड फिरवून हसले.

“किती वेळची घंटी वाजून राहिली,” जमुनाबाई म्हणाली. “परत येतोस का नाही?”

“नाही, माय. तूच ये. लग्न इथंच आहे.”

“फोन काऊन नाही उचलला मघाशी?”

“काचेवर बोटं चालत नाहीत आता.”

“…तेल लाव. मी येवपर्यंत रोज लाव.”

ओमेशने खिशातून बटन काढलं. टणक पेरांना ते लागतही नव्हतं. दुर्पताने पेटी धरली. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं.

तिने यादी उघडली आणि नवी ओळ लिहिली. जांभूळ. घराच्या मागे. ‘कोणत्या कामाचं’ या रकान्यात लिहिलं – मांडव.

मग पेटी त्याच्याकडे वळवली.

“तूच दाब,” ती म्हणाली.