चातुर्मासातला संगणक

मंजूषा रिसबूड यांच्या बाग सेवनियातल्या घरी गजानन पेठे आले, तेव्हा त्यांनी चहाही नाकारला. इंद्रपुरीतल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळ वधू-वर सूचक केंद्र चालवतं, आणि त्याच केंद्रातले मुलींचे फोटो नि फोन नंबर कुणीतरी बाहेर पळवले होते. घरोघरी परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले होते.

"केंद्राचं काम स्वरदा बघते, पासवर्ड एकट्या तिच्याकडे," पेठे म्हणाले. "आज संध्याकाळच्या सभेत तिला काढावं लागेल. पण ताई, मनाला पटत नाही. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली."

खासगी तपास करणाऱ्या मंजूषाताईंनी पायांत चपला सरकवल्या. त्यांचे नीळकंठमामा, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, स्कूटर काढायला उठले. मामा प्रत्येक तपासात बरोबर असत आणि प्रत्येक तपासात भलत्याच माणसावर संशय घेत.

मंडळाच्या खोलीत शिरताच नामजप ऐकू आला. तो संगणकातून येत होता. मंडळातल्या सर्वांत वयस्क लीलावतीआजींनी आषाढी एकादशीला नेम धरला होता, चातुर्मासभर मंडळात अखंड नाम. जप एका संकेतस्थळावर चाले, म्हणून तेव्हापासून ब्राउझर कुणी बंद केला नव्हता. आजी रोज येऊन पडद्याच्या कडेला हळदीकुंकू वाहत. वर हात पोचत नसे, म्हणून झेंडूची माळ स्वरदा अडकवी. ती उजव्या कोपऱ्यावर लोंबत होती.

"पडद्याचीही पूजा?" मामा पुटपुटले.

"त्यातून नाम येतं ना बाबा," आजी म्हणाल्या. "मग देवघरच झालं ते."

मंजूषाताईंनी आधी स्वरदाला विचारलं. पासवर्ड कुणाला दिलेला नाही, असं तिने सांगितलं. स्थळांची माहिती मंडळाच्या ऑनलाइन खात्यात असते आणि ते खातं याच ब्राउझरमध्ये उघडं राहतं. आणखी काही सांगायचंय का, असं विचारल्यावर तिने आजींकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मग तुषार. संगणकाची देखभाल त्याच्याकडे; हौसेने पत्रिकाही जुळवून देई. गेल्या आठवड्यात त्याने पत्रिका जुळवण्याचं एक नवं संकेतस्थळ उघडलं होतं. ते पान गोठलं आणि आपोआप मिटलं.

"जप चालू होता, म्हणून मी ध्यान दिलं नाही, दीदी. मशीन एकदम बढिया आहे. अपडेट सगळे अपने आप उतरतात."

"हाच," मामा कानाशी कुजबुजले. "फार बोलतो."

पेठ्यांनी सांगितलं, की चोरट्यांनी इंटरनेटवर जे उघड्यावर टाकलं, त्यात स्थळांबरोबर त्याच खात्यात ठेवलेली आजींची भजनंही होती. मंजूषाताई हसल्या. त्यांनी झेंडूची माळ जरा बाजूला करून पाहिलं, पुन्हा होती तशी ठेवली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"चोर या खोलीत नाही," त्या म्हणाल्या. "घरभेद्याने नेमकी स्थळं उचलली असती. भजनं कोण नेतं? ज्याला आतलं काही ठाऊक नाही, तो हाताला लागेल ते नेतो. तो आत आला तुषारच्या त्या पानातून."

"पण पान तर मिटलं होतं," तुषार म्हणाला.

"त्याआधीच काम झालं होतं. मामा, पंगत डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या पाटावर व्याही बसलेत. वाढप्याला सांगून ठेवलंय, तिथे मागतील ते द्यायचं. व्याही उठून गेले, पण वाढप्याला कुणी कळवलं नाही. एक लबाड हळूच त्या पाटावर येऊन बसला."

मामांनी डोळे मिटून विचार केला. "वाढपी मान खाली घालून वाढतच राहणार. कोठीची किल्ली मागितली, तर तीही देईल."

"बरोबर. ब्राउझर आपल्या स्मृतीतल्या जागा अशाच वापरतो. जागा रिकामी झाली, तरी तिच्याबद्दलचा जुना हुकूम कुठेतरी राहून गेला होता. त्या पानाने ती जागा बळकावली, ब्राउझर ताब्यात घेतला आणि उघडं खातं लुटलं."

"मग याला उपाय?" पेठ्यांनी विचारलं.

"बनवणाऱ्यांनी केला होता. ती चूक सुधारली, वर नियम घातला, की एकाही वाढप्याच्या डोक्यात जुना हुकूम असेल, तोवर तो पाट दुसऱ्याला द्यायचा नाही. तुषार म्हणतो तसं ते अपडेट उतरलंही. पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाही."

त्यांनी माळ उचलली. मागे लाल रंगात अपडेटची सूचना होती.

"स्वरदा, माळ तू अडकवतेस. तू हे पाहिलं होतंस."

स्वरदाने खाली पाहिलं. "पाहिलं होतं. वाटलं, कार्तिकीपर्यंत थांबू. एवढ्याशा बटणाने काय होणार."

"मग चोरीचा आळ आला, तेव्हा का नाही बोललीस?"

"आजींना कळलं असतं, की त्यांच्या नेमापायी हे झालं."

आजी काठी टेकत उठल्या. "गजानन, सभेत माझा नेम सांग, तिचं नाव घेऊ नकोस."

पेठे म्हणाले, चूक मंडळाची म्हणून सांगू. सगळ्या मुलींच्या घरी आपण स्वतः जाऊ, पोलिसांत तक्रारही देऊ. पासवर्ड बदलायचा आहे, तो स्वरदाच बदलेल.

"आणि हेही तूच बंद कर, पोरी," आजी म्हणाल्या.

स्वरदाने माउसवर हात ठेवला, पण बोट हलेना. "आजी, अखंड आहे ना..."

तेव्हा पेठ्यांनी हळू आवाजात नाम धरलं. मंजूषाताईंनी साथ दिली, तुषारनेही. मामा भलत्याच पट्टीत सुरू झाले, पण त्यांना कुणी अडवलं नाही. आजींनी स्वरदाच्या पाठीवर हात ठेवला.

स्वरदाने बटण दाबलं. स्पीकर गप्प झाला. खोलीतलं नाम चालूच राहिलं.